पाच महिन्यांची किंमत : मुलीच्या स्कोलिऑसिससाठी पाहिलेली तीन रुग्णालये

२०२१ च्या डिसेंबरपासून २०२५ च्या एप्रिलपर्यंत माझ्या मुलीच्या स्कोलिऑसिससाठी, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकत जाण्याच्या विकारासाठी, आम्ही आधी साताऱ्यात आणि मग पुण्यात मिळून तीन ठिकाणी दाखवले, एका कार्यशाळेकडून धडाभोवती आवळून घालायचा ब्रेस करून घेतला आणि शेवटी तिसऱ्या ठिकाणी तिची शस्त्रक्रिया झाली. हे परीक्षण मुख्यतः त्या तिसऱ्या ठिकाणाचे, म्हणजे पुण्यातील एका रुग्णालयाच्या मणक्यांच्या ओपीडीचे आहे. पहिल्या दोन ठिकाणांबद्दल माझी तक्रार असल्याने त्यांची नावे देत नाही, आणि तिसऱ्याचेही देत नाही, कारण तिथल्याही काही गोष्टी मला खटकल्या आहेत. नावापेक्षा एका प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ठिकाणी कसे मिळाले हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. तो प्रश्न असा : शस्त्रक्रिया करायची असेल, तर नेमकी केव्हा?

पाठीतला दोष प्रथम माझ्या सासूबाईंच्या हाताला लागला. नरकचतुर्दशीच्या पहाटे नात पाटावर पुढे वाकून बसली होती आणि त्या तिच्या पाठीला उटणे लावत होत्या. "हिच्या उजव्या बाजूला चढ आहे गं, हात वर जातो माझा," असे त्या म्हणाल्या तेव्हा मी हसण्यावारी नेले. शाळा दीड वर्ष घरातूनच चालली होती, मुलगी सैल टी-शर्टमध्ये वावरत होती आणि मोबाईलवर वाकून बसण्यावरून रोज बोलणी खात होती, त्यामुळे खांद्यांतला फरक कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. पुढे कळले की मुलाला पुढे वाकवून पाठीची उंची दोन्ही बाजूंनी पाहणे हीच या विकाराची पहिली तपासणी आहे आणि ती विल्यम ॲडम्स या इंग्रज शल्यविशारदाच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. मोबाईल, दप्तर किंवा बसण्याची ढब यांमुळे हा बाक येत नाही हेही तेव्हाच कळले. ते आधी ठाऊक असते, तर बरीच बोलणी वाचली असती.

पहिले ठिकाण साताऱ्यातले हाडांचे रुग्णालय. मुलीचे वय तेव्हा १२ वर्षे ४ महिने होते आणि पाळी सुरू झालेली नव्हती. एक्स-रेत २७ अंशांचा बाक निघाला. डॉक्टर सज्जन होते, घाबरवले नाही, औषधे लिहिली नाहीत. "पोहायला घाला, अठरा पूर्ण झाली की बघू," एवढेच म्हणाले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून तिला पोहायला घातले. पोहणे चांगलेच, पण त्याने बाक थांबत नाही. सात महिन्यांनी, २०२२ च्या जुलैमध्ये, आम्ही पुण्यात दुसरा एक्स-रे काढला तेव्हा बाक ३६ अंशांवर गेला होता आणि तेवढ्या काळात मुलीची उंची पाच सेंटिमीटरने वाढली होती. या दोन आकड्यांचा परस्परसंबंध आम्हाला कोणी सांगितला नव्हता. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती पाळी येण्याच्या आधीच्या काळात, आणि बाक वाढण्याचा धोकाही त्याच काळात सर्वाधिक असतो. "अठरापर्यंत थांबा" हा सल्ला ज्या महिन्यांत दिला गेला, नेमके त्याच महिन्यांत थांबणे सर्वांत महाग होते.

दुसरे ठिकाण याच्या अगदी उलट निघाले. मोठे रुग्णालय, चकचकीत प्रतीक्षागृह, नंबर वेळेवर. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावला, मुलीला एकदा वाकायला सांगितले आणि दहाव्या मिनिटाला शस्त्रक्रियेची तारीख सुचवली. वाढ किती शिल्लक आहे हे पाहण्यासाठी हाताचा एक्स-रे काढला नाही, पाळीबद्दल विचारले नाही, ब्रेस हा शब्दही निघाला नाही. बाहेर येईपर्यंत खर्चाचे अंदाजपत्रक छापून तयार होते. साताऱ्यात कोणी घाई करत नव्हते आणि इथे कोणी थांबत नव्हते, परंतु दोन्हीकडे चूक एकच होती : मुलीच्या हाडांचे वय कोणीच विचारले नव्हते.

तिसऱ्या ठिकाणी पहिल्या दिवशी आम्ही तीन तास बसलो. नंबर सकाळी साडेदहाचा होता आणि आत गेलो दीड वाजता. ही तक्रार आत्ताच नोंदवून ठेवते, कारण तीन वर्षांहून अधिक काळात एकदाही ती दूर झाली नाही. आत गेल्यावर मात्र पाऊण तास मिळाला. डॉक्टरांनी मुलीला वाकवून पाठीवर गवंड्याच्या लेव्हलसारखे दिसणारे एक छोटे उपकरण ठेवून पाठीची पीळ मोजली, पायांची लांबी पाहिली, रात्री दुखून जाग येते का, पायांना मुंग्या येतात का, असे प्रश्न थेट तिलाच विचारले. पाळीबद्दलही तिलाच विचारले. ती माझ्याकडे पाहू लागली तेव्हा, "आईला नको विचारू, पाठ तुझी आहे," असे म्हणाले. डाव्या हाताचा एक्स-रे काढला आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकावर नोंदवलेली मागील तीन वर्षांची उंची पुढच्या वेळी घेऊन या म्हणून सांगितले. ज्या रकान्याकडे आम्ही कधी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्या उंची-वजनाच्या रकान्याचा असा उपयोग होईल हे मला सुचले नसते.

इथले एक दृश्य माझ्या लक्षात राहिले आहे. शिकाऊ डॉक्टरने संगणकावर बाक मोजला तो ३८ अंश भरला. मोठ्या डॉक्टरांनी मोजला तेव्हा ३५. आम्ही चपापलो. त्यांनी न संकोचता दोन्ही रेषा पडद्यावर तशाच ठेवल्या आणि समजावले, की बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वाधिक कललेला मणका आणि खालच्या टोकाचा सर्वाधिक कललेला मणका यांच्या कडांवर रेषा काढून त्यांच्यातला कोन मोजतात. हा कॉब कोन. जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये ही रीत मांडली, १० अंश किंवा अधिक भरल्यास स्कोलिऑसिस म्हणतात, आणि कोणता मणका निवडला यावरून मोजणाऱ्या दोघांत पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून दोन एक्स-रेंमध्ये तीन अंशांची वाढ दिसली तर घाबरून जायचे नाही, पण सलग तीन एक्स-रे एकाच दिशेने जाऊ लागले तर प्रत्येक वेळचा फरक किरकोळ म्हणून सोडूनही द्यायचा नाही. तुलना नेहमी पहिल्या एक्स-रेशी करायची. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर "दोन अंश वाढला का?" अशी चौकशी दर सहा महिन्यांनी होत असे, तिला उत्तर देताना हे वाक्य मला फार उपयोगी पडले.

मग त्यांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शाईच्या पेनाने तीन ओळी लिहिल्या. आत्ता वाढ बरीच शिल्लक आणि बाक ३५ च्या आसपास, म्हणून ब्रेस. ब्रेस असूनही वाढ शिल्लक असताना ४५ च्या पुढे वेगाने गेला, तर लवकर भेटायचे आणि शस्त्रक्रियेबद्दल बोलायचे. वाढ संपताना ५० च्या आत राहिला तर बहुधा काहीच करायचे नाही, ५० ओलांडले तर शस्त्रक्रियेचा गंभीरपणे विचार करायचा. ही रुग्णालयाची छापील पुस्तिका नव्हती, हाताने लिहिलेल्या तीन ओळी होत्या, पण पुढची अडीच वर्षे आमच्या घरात त्यांच्यावरच निर्णय झाले. या सेवेला मी जे गुण देते आहे, त्यांतले निम्मे या तीन ओळींचे आहेत.

आमची वाढ शिल्लक होती म्हणजे किती, हेही दाखवले. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर वाढीच्या शेवटच्या टप्प्यात एक पट्टी दिसू लागते, ती किती आली यावरून रिसर शून्य ते पाच अशी श्रेणी देतात. माझ्या मुलीची शून्य होती. हाताच्या एक्स-रेत बोटांच्या हाडांमधल्या वाढीच्या चकत्या अजून उघड्या होत्या. अशा वयात शस्त्रक्रिया करून पाठीच्या बाजूने मणके एकमेकांना जोडून टाकले, तर मागची वाढ थांबते आणि पुढची चालू राहते, त्यामुळे जोडलेला भागच पुढे पिळवटत जाऊ शकतो. दुसऱ्या रुग्णालयाने सुचवलेल्या तारखेला शस्त्रक्रिया केली असती तर हा धोका होता, शिवाय छातीची व धडाची उंची कमी राहिली असती. मणके न जोडता दोरीने ओढून वाढीलाच वळण देण्याची पद्धत आहे का, असे मी विचारले, कारण अमेरिकेत २०१९ मध्ये तिला मर्यादित मान्यता मिळाल्याचे वाचले होते. आहे, पण दोरी तुटण्याचे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण लक्षात घेता इथे ती करत नाही, असे स्पष्ट उत्तर मिळाले. ते मला आवडले.

ब्रेसच्या कार्यशाळेबद्दल थोडक्यात लिहिते. मुलीला उभी करून प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्यांनी साचा घेतला, दहा दिवसांनी कडक प्लॅस्टिकचा, मागून तीन वेल्क्रो पट्ट्यांनी आवळायचा ब्रेस मिळाला. ब्रेस घालून काढलेल्या एक्स-रेत बाक २१ अंशांवर आलेला दिसला, म्हणजे काम चोख होते. आत घालायला बाजूला शिवण नसलेला बनियन लागतो, शिवण असेल तर ती कातडीत रुतते, ही माहिती कार्यशाळेने न देता ओपीडीत भेटलेल्या कोल्हापूरच्या एका आईने दिली. मे महिन्यात कमरेवर घामोळ्या उठल्या, दोनदा घासून कडा बदलून घ्याव्या लागल्या आणि प्रत्येक वेळी पुण्याची खेप झाली.

ब्रेस रोज १८ तास घालायचा होता. डॉक्टरांनी सांगितले होते की २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील मोठ्या अभ्यासात ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला आणि नुसते निरीक्षण केलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा. आणि ज्यांनी रोज १३ तासांच्या आसपास किंवा अधिक काळ घातला, त्यांच्यात यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. त्या अभ्यासात ब्रेसमध्ये उष्णता मोजणारा सेन्सर बसवलेला होता, म्हणून तास खरे होते. आमच्या ब्रेसमध्ये सेन्सर नव्हता, एक वही होती. वहीत दररोज १७, १८ असे आकडे सुवाच्य अक्षरांत भरलेले असत. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी, आपण होऊन, मुलीने सांगितले की शाळेत गेल्यावर ती स्वच्छतागृहात ब्रेस काढून दप्तराच्या पिशवीत ठेवत असे आणि प्रत्यक्षातले तास दहाच्या पुढे क्वचितच गेले. मी रागावले नाही; तेरा वर्षांच्या मुलीला वर्गातल्या बाकावर लाकडासारखे ताठ बसणे काय असते हे मी रोज पाहत होते. परंतु ओपीडीत समुपदेशक नाही, मुलांशी आईवडिलांना बाहेर बसवून बोलणारे कोणी नाही, ही या सेवेतली सर्वांत मोठी उणीव आहे असे मी ठामपणे म्हणते. तसे कोणी असते, तर वही खरी भरली गेली असती.

बाक वाढतच गेला. २०२३ च्या जानेवारीत ३८, जुलैत ४४, २०२४ च्या जानेवारीत ४६, जुलैत ४९. जुलै २०२३ च्या त्या उडीनंतर केसपेपरवरच्या दुसऱ्या ओळीची आठवण करून आम्ही विचारले, की आताच करायची का? तेव्हा पाळी येऊन दहा महिने झाले होते आणि रिसर दोन होता. डॉक्टरांनी तराजू आमच्यापुढे ठेवला. आता केली तर बाक लवचीक आहे, पण वाढ थोडी शिल्लक आहे. थांबलो तर बाक थोडा ताठर होईल आणि खालचा, कमरेकडचा भाग त्याच्या भरपाईसाठी वाकत गेला तर जास्त मणके जोडावे लागतील. त्यांनी तूर्त थांबायचे सुचवले, पण कमरेचा बाक वाढला तर न थांबता या, असे सांगितले. तो वाढला नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बाक ५१ अंश होता, रिसर चार, आणि सहा महिन्यांत उंचीत फरक नव्हता. तिसरी ओळ लागू झाली. ब्रेस बंद झाला. मुलगी दहावीत होती आणि प्रिलिम तोंडावर होती. घरात दोन पक्ष पडले : काहींचे म्हणणे होते की आता एक दिवसही दवडू नये, आणि काहींचे, विशेषतः मोठ्या दिरांचे, की लग्न होईपर्यंत पाठीवर वण नको. मुलीने तोपर्यंत ब्रिटनच्या राजघराण्यातील युजिनी यांचे २०१८ मधील लग्नाचे छायाचित्र शोधून ठेवले होते, ज्यात त्यांनी बारा वर्षांच्या असताना झालेल्या याच शस्त्रक्रियेचा वण दिसावा असा मागून खोल गळ्याचा पोशाख घातला आहे. ते तिने काकांना पाठवले. विषय संपला.

डॉक्टरांना आम्ही दोन प्रश्न विचारले. न केल्यास काय होईल? ते म्हणाले, काही आणीबाणी नाही. वाढ संपताना ५० च्या पुढे असलेला बाक पुढेही साधारण वर्षाला एक अंश या गतीने सरकत राहण्याची शक्यता असते, ३० च्या आतला सहसा सरकत नाही. आयोवा येथे शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून २००३ मध्ये जे प्रसिद्ध झाले, त्यात त्यांतले बहुतेक जण कामधंदा, संसार करत असल्याचे आढळले, पाठदुखी आणि पाठीच्या दिसण्याबद्दलची नाराजी मात्र अधिक होती. पस्तिशीत करायची वेळ आली तर पाठ ताठर झालेली असेल, अधिक मणके जोडावे लागू शकतील आणि बरे व्हायला वेळ लागेल. दुसरा प्रश्न, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत पाच महिने थांबलो तर? यावर ते म्हणाले, "बारा वर्षांची असताना तुम्ही सात महिने थांबलात ते महाग पडले. आता पाच महिन्यांत फार तर एखादा अंश. परीक्षा देऊ द्या." निर्णय मुलीने घेतला, आणि मार्चच्या अखेरीस काढलेल्या एक्स-रेत ५२ अंश आले, म्हणजे मोजण्याच्या चुकीच्या आतलाच फरक.

एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. पाठीचे दहा मणके स्क्रू आणि दोन दांड्यांनी जोडले, कमरेचे बहुतेक मोकळे ठेवले. मज्जारज्जूचे संदेश शस्त्रक्रिया चालू असताना सतत तपासणारे यंत्र व त्याचा स्वतंत्र तंत्रज्ञ असेल का, हे मी आधीच विचारून घेतले होते. प्रत्येक पालकाने विचारावे. दुसऱ्या दिवशी फिजिओने तिला उभे केले, सहाव्या दिवशी घरी सोडले. बाक १७ अंशांवर आला, उंची चार सेंटिमीटरने वाढली, बरगड्यांचा उंचवटा बराच कमी झाला पण गेला नाही, आणि तो जाणार नाही असे आधीच सांगितले होते. पहिल्या दोन आठवड्यांच्या दुखण्याबद्दल मात्र पुरेशी कल्पना दिली नव्हती. वेदनाशामकांमुळे पोट साफ होत नाही आणि त्याचाच त्रास चौथ्या दिवशी टाक्यांपेक्षा जास्त होतो, हे वॉर्डातल्या मावशींनी सांगितले, डॉक्टरांनी नाही. घरी जाताना खंबाटकी घाटाच्या वळणांवर गाडी वीसच्या वेगाने न्यावी लागली. अकरावीचा ऑनलाइन अर्ज मुलीने उताणी पडून भरला.

बिलिंग विभागाबद्दल चांगले लिहिण्यासारखे काही नाही. अंदाजपत्रकात स्क्रूंची संख्या दिलेली नव्हती, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांचाच असतो, त्यामुळे अंतिम आकडा अंदाजाच्या वर गेला. विमा कंपनीने कॅशलेस विनंती प्रथम "जन्मजात दोष" म्हणून परत पाठवली. हा विकार जन्मजात नसून वाढीच्या वयात, कारण न कळता उद्भवलेला आहे, असे पत्र डॉक्टरांनी एका तासात दिले आणि मंजुरी आली. पण हे वाक्य पहिल्याच अर्जात असायला हवे होते, आणि टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, खिडकीवर रोज बसणाऱ्या माणसाला ते ठाऊक असायला हवे होते.

पाचपैकी चार गुण देते. कापलेला एक गुण प्रतीक्षा, बिल आणि समुपदेशक नसणे यांचा मिळून आहे. सहा आठवडे आणि सहा महिने यांच्या तपासण्या झाल्या आहेत, पुढची एक वर्षाची आहे. मागच्या वेळी मुलगी आत एकटी गेली, मी बाहेर बसले. राजगडाचा ट्रेक केव्हा करता येईल हे तिने विचारले आणि उत्तर डॉक्टरांकडून केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहून घेतले : एक वर्षाचा एक्स-रे पाहून, पाठीवर जड सॅक न घेता.